लेकीसाठी परवडणारी सेफ्टी कॉलेजं: रटगर्ससोबत आणखी काय?

एडिसनची_आई

नमस्कार मंडळी. लेक सप्टेंबरात सीनियर इयरला, म्हणजे बारावीला जातेय. एसएटी प्रवेश परीक्षेत १६०० पैकी १५३०, अनवेटेड जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी, ४ पैकी) ३.९४, सात एपी (कॉलेजच्या पातळीचे विषय) झाल्या, चार यंदा. रोबोटिक्स आहे, रविवारी मराठी शाळेत छोट्यांना शिकवते. थोडक्यात, सेंट्रल जर्सीतल्या निम्म्या देशी मुलांसारखीच प्रोफाइल, याची मला पूर्ण कल्पना आहे. कॉम्प्युटर सायन्सच (सीएस) करायचंय.

तिची यादी: प्रिन्स्टन, कॉर्नेल, कार्नेगी मेलन, मिशिगन, बर्कली, जॉर्जिया टेक, अर्बाना-शॅम्पेन, पर्ड्यू आणि सगळ्यात खाली, काउन्सेलरने दटावलं म्हणून, आपल्या न्यू जर्सीचं सरकारी रटगर्स.

पैशांचं स्पष्टच लिहिते, नाहीतर सल्ले हवेत जातात. दोघांचं मिळून उत्पन्न वर्षाला दोन लाख चाळीस हजार डॉलर. ५२९ मध्ये, म्हणजे कॉलेजसाठीच्या बचत खात्यात, एक लाख दहा हजार आहेत. धाकटा आठवीत आहे, त्याचंही चार वर्षांनी हेच. सांगलीला सासूबाईंच्या औषधपाण्याचे दरमहा जातात, पण त्याला कुठल्याच फॉर्मात रकाना नाही. सगळं धरून वर्षाला चाळीस हजार आम्ही कर्ज न काढता देऊ शकतो, त्यावर नाही.

नवरा म्हणतो, रटगर्स आहेच की, कशाला डोकं शिणवतेस. लेक म्हणते, रटगर्स म्हणजे आमचीच हायस्कूल, फक्त पार्किंग मोठं. मला सेफ्टी म्हणून दोन-तीन नावं अशी हवीत की प्रवेश मिळणारच, सीएस मिळणारच, आणि चाळीस हजारांत बसणारच. एका मैत्रिणीने अलाबामा विद्यापीठ सुचवलं. पुण्याच्या बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "हे कुठे आलं गं?"

---

न्यूअर्क_लोकल

रटगर्स. विषय संपला.

बरं, थोडं लिहितो. रटगर्सच्या न्यू ब्रन्सविक कॅम्पसला सीएस हे आर्ट्स अँड सायन्सेसमध्ये आहे, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मात्र स्कूल ऑफ इंजिनिअरिंगमध्ये. अर्ज करताना कुठल्या स्कूलला टाकताय ते नीट बघा, प्रवेश स्कूलप्रमाणे होतो. अर्ली ॲक्शनची (लवकर अर्ज, लवकर उत्तर) तारीख १ नोव्हेंबर असते, ती चुकवू नका. आणि एनजेआयटीचं (न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) डॉर्मन ऑनर्स कॉलेज बघितलंत का? मेरिटही, म्हणजे गुणांवरची स्कॉलरशिप, बरं देतात, आणि तिथून पाथ ट्रेनने मॅनहॅटन. टीसीएनजे (कॉलेज ऑफ न्यू जर्सी) हेसुद्धा लहान, नेटकं कॉलेज आहे. आपल्या लोकांना घराजवळचं दिसत नाही.

---

प्लेन्सबरोचा_अकोलेकर

ताई, तुम्ही आकडे मोकळेपणाने लिहिलेत म्हणून मीही तसंच लिहितो. माझा मोठा टस्कलूसाला, म्हणजे तुमच्या बहिणीने विचारलेल्या त्या अलाबामालाच आहे, तिसऱ्या वर्षाला. धाकटी दोन वर्षांनी याच रांगेत. त्यामुळे माझी एक्सेल शीट अजून गरम आहे.

सेफ्टी कमी पडतेय हे तुम्हाला जाणवलंय. मला त्याआधी दुसरं दिसतंय: तुमच्या यादीत अशी नावं आहेत की मिळाली तरी जाता येणार नाही. मिशिगन आणि बर्कली बाहेरच्या राज्यातल्या मुलाला सगळं धरून वर्षाला ऐंशी हजारांच्या आसपास किंवा वर जातात. कार्नेगी मेलन नव्वदच्या घरात. सरकारी विद्यापीठं गरजेवरची मदत आधी आपल्या राज्यातल्या मुलांना देतात, त्यात चुकीचं काही नाही, पैसा त्यांच्या करदात्यांचा आहे. आणि कॉर्नेल धरून अख्ख्या आयव्ही लीगमध्ये मेरिट स्कॉलरशिप हा प्रकारच नाही. १५३० असो की १६००, तिथे पैसे मिळतात ते फक्त घरची परिस्थिती बघून.

परिस्थितीचं म्हणाल तर तुमचं उत्पन्न मोठ्या अडचणीच्या जागी आहे. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी २०२५ च्या फॉलपासून दोन लाखांपर्यंतच्या घरांना ट्यूशन माफ केली. तुम्ही चाळीस हजारांनी वर. प्रिन्स्टनने मात्र २०२५-२६ पासून अडीच लाखांपर्यंतच्या बहुतेक घरांना ट्यूशन लागणार नाही असं जाहीर केलंय. म्हणजे गंमत बघा, तुमच्या घरापासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावरचं प्रिन्स्टन लेकीला मिळालं, तर ते रटगर्सपेक्षा स्वस्त पडू शकतं! तेव्हा ते यादीत ठेवाच. पण शंभरात चार-पाच मुलं घेणाऱ्या कॉलेजावर घरखर्चाचा हिशेब मांडायचा नसतो.

आज रात्रीच एक काम करा. दोघांचा टॅक्स रिटर्न काढा आणि यादीतल्या प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर भरा, मदत वजा जाऊन तुमच्या घराला किती पडेल याचा अंदाज तो देतो. २०११ पासून तो ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. लेकीला शेजारी बसवा, आकडा तिने स्वतः वाचू द्या. आमच्याकडे बापाने "परवडणार नाही" म्हटलेलं पोराला कंजूसपणा वाटत होता, स्क्रीनवर तोच आकडा आला तेव्हा साहेब स्वतःच दोन नावं खोडून मोकळे.

कर्जाचंही त्याच बैठकीत सांगा. मुलाच्या नावावर फेडरल कर्ज पहिल्या वर्षी ५,५०० आणि चार वर्षांत मिळून २७,००० डॉलर, बस. आईबापांचं पॅरेंट प्लस पूर्वी कॉलेजच्या खर्चाएवढं मिळायचं, १ जुलै २०२६ पासून त्याला वर्षाला २०,००० आणि एका मुलामागे एकूण ६५,००० ची मर्यादा आली. त्यावरचं सगळं बँकेचं कर्ज, तुमच्या सहीचं. "बघू पुढचं पुढे" म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.

आता सेफ्टी. मेरिटचे दोन प्रकार असतात आणि गफलत तिथेच होते. एक स्पर्धेचं: अर्ज करा, निबंध लिहा, मुलाखत द्या, मिळालं तर मार्च-एप्रिलात कळेल. ते कितीही मोठं असलं तरी सेफ्टीच्या हिशेबात शून्य धरायचं. दुसरं तक्त्याचं: एवढा स्कोअर, एवढा जीपीए, एवढे डॉलर, साइटवर छापलेलं. अलाबामाचं तसं आहे. माझ्या पोराच्या वर्षी बाहेरच्या राज्यातल्या मुलाला वरच्या पट्ट्यात वर्षाला २८,००० होते, चारही वर्षं. ट्यूशनमधून ते वजा केले आणि राहणं-खाणं, विमानाची तिकिटं घातली तरी आम्हाला रटगर्सपेक्षा कमीच पडतंय. तक्ता दर वर्षी बदलतो, तेव्हा माझ्या आकड्यावर जाऊ नका, तुमच्या वर्षाचा उघडा. आणि खालचं बारीक अक्षर वाचा: स्कॉलरशिप टिकवायला कॉलेजात किती जीपीए लागतो, पाचवं वर्ष झालं तर मिळते का, अर्जाची शेवटची तारीख कोणती.

ज्यांचं असं तक्त्यावर नाही त्यांचा अंदाज कॉमन डेटा सेटमधून, म्हणजे कॉलेजं स्वतः छापतात त्या आकडेवारीतून घ्या. कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द शोधलेत की बहुतेकांची पीडीएफ सापडते. त्यात एच२ए नावाचा तक्ता असतो: आर्थिक गरज नसलेल्या किती मुलांना मेरिट दिलं आणि सरासरी किती. सी७ मध्ये प्रवेशासाठी कशाला किती महत्त्व देतात ते असतं. एखाद्या कॉलेजने "अर्जदाराने दाखवलेला रस" महत्त्वाचा म्हटलं असेल तर हुशार मुलांनी तिथे शेवटच्या दिवशी नुसता अर्ज टाकून बसू नये. ही इथे नुसती सेफ्टी म्हणून आली आहे हे त्यांना कळतं.

तिसरी गोष्ट शाखेची, सीएसवाल्यांनी तर ही आधी बघायची. पर्ड्यू घ्या. २०१३ पासून वर्षानुवर्षं ट्यूशन गोठवलेली, २०२४-२५ मध्ये बाहेरच्यांना ती २८,७९४ डॉलर होती, राहणं-खाणं धरून तुमच्या चाळीसच्या जरा इकडे-तिकडे. म्हणून सगळे देशी लोक ते सेफ्टीत टाकतात. पण तिथल्या सीएसला चांगली-चांगली मुलं राहून जातात. परवडणारं आहे म्हणून ते सेफ्टी होत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठाचंही तेच: विद्यापीठात प्रवेश सोपा, पण बाहेरच्या राज्यातून सीएसला शंभरात दोन-तीन. तुम्ही प्रत्येक कॉलेजला एकच प्रश्न विचारा: पहिल्या दिवसापासून ती सीएसची विद्यार्थिनी असेल, की आत गेल्यावर परत रांग? उत्तर ईमेलवर घ्या.

टस्कलूसाबद्दल थोडं, कारण बहिणीला सांगायला उपयोगी पडेल. निम्म्याहून जास्त मुलं बाहेरच्या राज्यांतली आहेत, म्हणजे आपलं पोर एकटं परकं पडत नाही. सीएस इंजिनिअरिंग कॉलेजातच आहे. मर्सिडीजचा कारखाना त्याच काउंटीत, हंट्सव्हिलला नासाचं मार्शल सेंटर. शनिवारी फुटबॉल, लाखभर माणूस एका स्टेडियममध्ये, त्या दिवशी अभ्यास-बिभ्यास विसरा. ज्वारीचं पीठ मात्र गावात मिळत नाही, आम्ही सुट्टीनंतर बॅगेत भरून देतो.

आणि हो, अर्ज लवकर. अलाबामा, पिट (पिट्सबर्ग विद्यापीठ) यांच्याकडे रोलिंग प्रवेश असतो, म्हणजे अर्ज येतील तसे निर्णय देतात. ऑगस्ट-सप्टेंबरात टाकलं तर बऱ्याचदा दिवाळीच्या फराळासोबत हातात पत्र येतं. एक पत्र घरात आलं की पोरांचा चेहरा बदलतो, बाकीचे निबंध बरे लिहिले जातात. पिटचं मेरिट मात्र तक्त्यावर नाही, ते शून्य धरून चला.

---

कौंटी_कॉलेजवाला

सगळे विसरतात म्हणून लिहितो. एनजे स्टार्स, आपल्या राज्याची स्कॉलरशिप. हायस्कूलच्या वर्गात वरच्या १५ टक्क्यांत असाल तर आपल्या कौंटीच्या कॉलेजात ट्यूशन माफ, उत्पन्नाची अट नाही. एडिसनला मिडलसेक्स कॉलेज घराशेजारीच. २००७ च्या कायद्याने तिथली असोसिएट डिग्री घेऊन राज्याच्या सरकारी विद्यापीठात गेलं की क्रेडिट पूर्ण धरावे लागतात. १५३० वाल्या मुलीला हे सुचवलं की आई-बाबा दुखावतात, ठाऊक आहे. पण ५२९ मधले एक लाख दहा हजार जवळजवळ तसेच राहतील आणि मास्टर्सला कामी येतील, एवढा हिशेब तरी मांडून बघा.

---

एच४_बाबा

मध्येच विचारतो, क्षमस्व. आम्ही अजून एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मुलगा एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर, दहावीत. ग्रीन कार्डच्या रांगेत. वरचं सगळं आम्हाला लागू होतं का?

---

प्लेन्सबरोचा_अकोलेकर

@एच४_बाबा, सगळं नाही. फेडरल मदत आणि फेडरल कर्ज एच-४ ला मिळत नाही, आणि प्रिन्स्टन-हार्वर्डसारख्या मोजक्या श्रीमंत कॉलेजांखेरीज गरजेवरची मदतही अवघड. तक्त्याच्या मेरिटला व्हिसाची अट आहे की नाही ते प्रत्येक कॉलेजला विचारायचं. इन-स्टेट (राज्यातल्या रहिवाशांसाठीच्या) फीचा नियम राज्याराज्यात वेगळा, म्हणून प्रवेश कार्यालयाला न विचारता रेसिडेन्सी ठरवणाऱ्या कार्यालयालाच विचारा, लेखी. आणि २१ वर्षांचं लक्षात ठेवा. मुलगा कॉलेजात असतानाच एच-४ मधून बाहेर पडेल, एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागेल, तेव्हा इन-स्टेट दर आणि स्कॉलरशिप टिकते का हेही त्याच ईमेलमध्ये विचारा. वकिलाशी एकदा बसा. दहावीत विचारताय हे फार बरं केलंत.

---

रिचर्डसनची_पोर

काकू, मी स्वतः स्टुडंट आहे, यूटी डॅलसला (टेक्सास विद्यापीठ, डॅलस; आम्ही यूटीडी म्हणतो) सीएस ज्युनियर, म्हणजे तिसऱ्या वर्षाला. मराठी टायपिंग सांभाळून घ्या.

टेक्सासमध्ये १९९७ पासून कायदा आहे, वर्गात टॉप टेन पर्सेंटला असलं की राज्याच्या विद्यापीठात ॲडमिशन. यूटी ऑस्टिनला ते आता पाच टक्क्यांवर आलंय. आमच्या शाळेत सगळ्यांना वाटायचं की झालं, ऑस्टिन पक्कं. पण कायदा विद्यापीठाचा दरवाजा उघडतो, सीएसचा नाही! तो त्यांचा वेगळा निर्णय असतो. त्यामुळे आमच्याकडे यूटीडी हीच खरी सेफ्टी आहे, आणि खूप जण इथे येऊन खूश आहेत.

तुमच्या कामाचं म्हणजे, बाहेरच्या राज्यातल्या मुलाला इथली किमान हजार डॉलरची स्पर्धेची स्कॉलरशिप मिळाली तर टेक्सासच्या नियमाने त्याला इन-स्टेट दर लावता येतो. दिसायला हजार, पण खरा फायदा त्या दरातल्या फरकाचा. पण काकांनी सांगितलं तसं हे स्पर्धेचं आहे, त्याची संख्याही मर्यादित असते, म्हणून सेफ्टी नाही म्हणता येणार. लवकर अर्ज करा आणि मिळालं तर बघा. फीचा दर चार वर्षं गोठवतात, ते मला आवडतं. ट्यूशनची रक्कम आईला आधीच माहीत असते.

आणि तुमच्या लेकीला सांगा, आधी सेफ्टी शोधायची, ड्रीम स्कूल नंतर. ड्रीम स्कूलवर प्रेम करायला कोणीच शिकवावं लागत नाही ना. मी यूटीडीला एका प्रोफेसरांची लॅब बघायला गेले होते, तेव्हाच मला ही जागा आवडली. तिलाही सेफ्टीत तिच्या आवडीचं एक काहीतरी शोधू दे, एखादी लॅब, एखादा क्लब. इथे बुद्धिबळाची टीम देशात नावाजलेली आहे, आणि आमच्याकडे फुटबॉलपेक्षा तिचंच जास्त कौतुक.

---

स्पष्टवक्ती_मावशी

सगळं ठीक आहे हो, पण एवढी हुशार मुलगी, एवढी मेहनत, आणि अलाबामा? गूगलवाले तिथे जातात का? आईवडिलांनी थोडं कर्ज काढलं तर काय बिघडलं? आमच्या आईवडिलांनी आमच्यासाठी जमिनी विकल्या.

---

प्लेन्सबरोचा_अकोलेकर

मावशी, माझ्या वडिलांनीही बोरगावची दोन एकर विकली. म्हणूनच मी माझ्या पोरांच्या बाबतीत आधी आकडे बघतो.

नावाचा फायदा किती, यावर अभ्यास झालेत. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये दाखवलं की साधारण सारख्याच दर्जाची मुलं, म्हणजे सारख्याच कॉलेजांना अर्ज करणारी आणि प्रवेश मिळवणारी, जास्त निवडक कॉलेजात गेली काय आणि कमी निवडक कॉलेजात गेली काय, पुढच्या कमाईत फारसा फरक दिसत नाही. गरीब घरच्या मुलांना मात्र फायदा दिसला. २०२३ मध्ये राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी आयव्ही आणि तशाच मोजक्या कॉलेजांचं पाहिलं: सरासरी कमाई फार हलत नाही, पण अगदी वरच्या एक टक्क्यात जाण्याची, नावाजलेल्या फर्ममध्ये शिरण्याची शक्यता वाढते. म्हणजे तुमचंही अगदीच खोटं नाही. वॉल स्ट्रीट किंवा सुप्रीम कोर्टाची क्लर्कशिप हवी असेल तर नाव चालतं. सॉफ्टवेअरमध्ये पोराच्या वर्गातली मुलं इंटर्नशिपला सिअॅटलला जातात, हंट्सव्हिललाही जातात. जास्त धडपडावं लागतं, करिअर फेअरला सगळ्या कंपन्या पायाशी येत नाहीत, हे कबूल.

पण प्रिन्स्टन आणि अलाबामा अशी निवड ताईंपुढे येणारच नाहीये. प्रिन्स्टन मिळालं तर जातीलच की, स्वस्तच पडेल! प्रश्न येईल तो अर्बाना-शॅम्पेन साठ-सत्तर हजारांत की रटगर्स-अलाबामा चाळीसच्या आत, आणि मागे आठवीतला धाकटा. पूर्वी फाफ्साच्या (फेडरल मदतीच्या अर्जाच्या) हिशेबात दोन मुलं एकदम कॉलेजात असली तर पालकांचा वाटा विभागला जायचा, २०२४-२५ पासून तेही गेलं. इथे दोघांचं एका वेळी येणार नाही, पण थोरलीवर ५२९ संपून वर कर्ज झालं तर धाकट्याच्या वेळी काय, हे मावशी तुम्ही सांगा.

---

स्पष्टवक्ती_मावशी

माझ्या घरी एकच आहे, त्यामुळे हे डोक्यात आलं नव्हतं. गूगलचं मात्र मी अजून म्हणेन.

---

एडिसनची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री तिघं बसलो कॅल्क्युलेटर घेऊन. मिशिगनचा आकडा बघून नवऱ्याने चष्मा पुसला. लेकीने काही न बोलता मिशिगन आणि बर्कली काढली. अर्बाना-शॅम्पेनवर मात्र अडून बसली आहे, ठेवलंय, पण तिने स्वतःच वहीत पुढे लिहिलंय, "मेरिट आलं तरच". प्रिन्स्टनचा आकडा खरंच रटगर्सपेक्षा खाली आला, त्यावर घरात उगाच जल्लोष झाला, जणू प्रवेशच मिळाला.

आत्ताची यादी: रटगर्स आर्ट्स अँड सायन्सेस, एनजेआयटी ऑनर्स आणि अलाबामा खाली पक्की. यूटी डॅलस आणि पिट मध्ये. कौंटी कॉलेजचा हिशेब मीच मांडून बघितला, लेकीसमोर नाही काढला अजून. ताईने, म्हणजे रिचर्डसनच्या पोरीने, सांगितलेलं मात्र लेकीला पटलं. दोन तास रटगर्सच्या लॅबची पानं चाळत बसली होती आणि एका रोबोटिक्स ग्रुपचं नाव तिने वर लिहून ठेवलंय. पार्किंगचा विनोद तेव्हापासून बंद आहे.

अकोलेकर, एकच विचारायचं होतं. सप्टेंबरात शनिवार-रविवार धरून टस्कलूसाला जाऊन यावं म्हणतोय. हॉटेल कुठे बघू?

---

प्लेन्सबरोचा_अकोलेकर

ताई, आधी फुटबॉलचं वेळापत्रक उघडा. घरचा सामना असलेल्या शनिवारी गावात खोली मिळत नाही, आणि मिळाली तर भाड्यात पोरीचं पुस्तकांचं बजेट जाईल. सामना बाहेर असेल तो आठवडा धरा, बर्मिंगहॅमला उतरा, तिथून गाडीने तासाभराचा रस्ता. शुक्रवारी पोचलात तर वर्ग चालू असतात, इंजिनिअरिंगची टूर आधी बुक करा. आणि एक किलो ज्वारीचं पीठ जमलं तर घेऊन जा, पोरगा स्वतः कॅम्पस फिरवून दाखवेल.